३० जूनपर्यंतचे ज्ञान

जुन्या काळी बायका नवऱ्याचे नाव घेत नसत, तसे आमच्या बँकेत बँक कर्मचाऱ्यांच्या त्या 'जेएआयआयबी' परीक्षेचे नाव कोणी घेत नाही. 'तुमची ती झाली का हो?' एवढे विचारले की पुरते. ती झाली की एक वेतनवाढ मिळते. नाही झाली, तर दर सहा महिन्यांनी नुकताच भरती झालेला कोणी तरी मुलगा शाखेत पेढे वाटतो आणि 'सर, तुमचे कधी?' असे विचारतो. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी असे इतके पेढे खाल्ले, की डॉक्टरांनी साखर तपासून यायला सांगितले तेव्हा मनातल्या मनात मी त्या परीक्षेलाच जबाबदार धरले.

पुस्तके माझ्याकडे वारसाहक्काने आली होती. एका सहकाऱ्याने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने बदली होताना मला दिली, त्यामुळे पहिल्याने पेन्सिलीने अधोरेखित न केलेले जे काही उरले होते, ते दुसऱ्याने हिरव्या शाईने अधोरेखित केले होते. बँक बुडाल्यास ठेवीदाराला जास्तीत जास्त किती मिळतात ते सांगणाऱ्या ठेवविम्याच्या पानावर 'एक लाख' हे शब्द खोडून वर 'पाच!!' असे लिहिले होते आणि बाजूला ४ फेब्रुवारी २०२० ही तारीख घातली होती. ती दोन उद्गारचिन्हे पाहून मला पूर्वसुरींविषयी फार आदर वाटला. अडचण एवढीच होती की पुस्तके तीन होती आणि २०२३ पासून विषय चार झाले होते. कायद्याचा जो स्वतंत्र पेपर पूर्वी होता, तो मोडून त्याचे सामान इतर खोल्यांत हलवण्यात आले होते. एकत्र कुटुंब विभक्त झाल्यावर देवघर नेमके कोणाकडे गेले हे जसे कळत नाही, तसे परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (म्हणजे चेक-हुंड्यांचा कायदा) आता कोणत्या पेपरात राहतो, हे शोधण्यात माझी एक दिवाळी गेली.

पहिला धक्का हिशेबाच्या पेपरात बसला. भागीदारी संस्था बुडाली आणि एक भागीदार दिवाळखोर निघाला, तर त्याच्या वाट्याची तूट बाकीच्यांनी भांडवलाच्या प्रमाणात सोसायची की नफ्याच्या, असा एक प्रश्न होता. हा गार्नर आणि मरे या दोन इंग्रज गृहस्थांचा जुना तंटा आहे, एवढे मला कॉमर्स कॉलेजच्या कृपेने आठवत होते. पण नव्या अभ्यासक्रमात त्यांना कोणी आणि कधी बोलावले, हे कळेना. क्लेटनच्या खटल्याचे मी समजू शकतो. लंडनच्या एका पेढीचा भागीदार वारला, १८१६ साली निकाल लागला, आणि खात्यात आधी आलेली रक्कम आधी वळती झाली असे मानायचे, हा नियम आम्हा सर्वांच्या मानगुटीवर बसला. तो निदान अभ्यासक्रमात आहे. गार्नर-मरे हे मात्र लग्नात मुलीकडचेही नाहीत आणि मुलाकडचेही नाहीत, तरी पहिल्या पंगतीला बसले आहेत, अशा पाहुण्यांसारखे वाटले. उणे गुण नसल्यामुळे प्रश्न सोडून देणे हा मूर्खपणा ठरतो. म्हणून मी 'अडम तडम तडतड बाजा' म्हणून एक पर्याय निवडला आणि पुढे सरकलो.

खरी कसोटी पुढच्या रविवारी लागली. ही २०२५ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट आहे. परीक्षेच्या माहितीपत्रकात एक नियम छापलेला असतो. फेब्रुवारी ते जुलैमधल्या परीक्षेला आदल्या ३१ डिसेंबरपर्यंतचे, आणि ऑगस्ट ते जानेवारीमधल्या परीक्षेला ३० जूनपर्यंतचेच बदल धरले जातील, असे त्यात म्हटलेले असते. म्हणजे नोव्हेंबरात परीक्षेला बसणाऱ्याने असे समजायचे, की रिझर्व्ह बँक ३० जूनच्या संध्याकाळी कुलूप लावून गावाला गेली आहे. मी त्याप्रमाणे मनाची तयारी केली होती. शहराबाहेरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात, थंडगार खोलीत, दोनदा दाबल्याशिवाय न ऐकणारा माऊस हातात धरून मी सदतिसाव्या प्रश्नापर्यंत सुरळीत आलो. तिथे विचारले होते, की ठेव खात्याला जास्तीत जास्त किती नॉमिनी नेमता येतात? पर्याय होते एक, दोन, तीन आणि चार.

आता इथे माझी काय अवस्था झाली, ती कोणत्याही सुज्ञ माणसाने ध्यानात घ्यावी. पुस्तक म्हणत होते, एक. चार नॉमिनींची तरतूद करणारा दुरुस्ती कायदा एप्रिल २०२५ मध्ये राजपत्रात आला, म्हणजे ३० जूनच्या अलीकडे. पण ती तरतूद लागू झाली १ नोव्हेंबरला, म्हणजे ३० जूनच्या पलीकडे. परीक्षा तर त्याही पलीकडे चालली होती आणि गेला आठवडाभर मी स्वतः काऊंटरवर बसून लोकांना 'आता चार चालतात' असे सांगत होतो. म्हणजे 'चार' हे उत्तर जन्माने अभ्यासक्रमात होते, वयाने बाहेर होते आणि नोकरीने माझ्या डोक्यावर बसले होते. मी चारवर खूण केली. ती काढून एकवर केली. पुन्हा चारवर जाताना माऊस पहिल्या दाबाला ऐकेना, तेव्हा हा ईश्वरी संकेत समजून मी एकवरच राहिलो. शेजारची पोरगी, वय फार तर चोवीस, या प्रश्नावर पाच सेकंददेखील थांबली नसावी. अज्ञानात सुख असते म्हणतात, पण तिला बहुधा उत्तर ठाऊकच होते.

फाटकाबाहेर वडापावच्या गाडीजवळ अपेक्षेप्रमाणे परिषद भरली. 'सगळं आउट ऑफ सिलॅबस' हा ठराव एकमताने मंजूर झाला. मात्र सिलॅबस काय होता यावर मतभेद राहिले. नॉमिनीच्या प्रश्नावर 'एक'वाले आणि 'चार'वाले असे दोन तट पडले, आणि तो प्रश्न लॉकरविषयी होता असे शपथेवर सांगणाराही एक निघाला. संध्याकाळी मोबाइलवरच्या ग्रुपवर 'रिकलेक्टेड क्वेश्चन्स' येऊ लागले. शंभर प्रश्नांच्या पेपरातले एकशे अठरा प्रश्न रात्रीपर्यंत लोकांना आठवले.

घरी आल्यावर मी मुलीला म्हटले, "अगं, निम्मा पेपर पोर्शनच्या बाहेरचा होता."

"बाबा," ती पुस्तकातून मानही वर न करता म्हणाली, "मी दहावीला हेच म्हणाले होते, तेव्हा तुम्ही मोबाइल काढून घेतला होता."

आतून सौभाग्यवतींनी "अहो, पास तरी व्हाल ना?" असे विचारले. मी हात धुवायला गेलो.

सोमवारी अकराच्या सुमारास एक आजोबा काऊंटरवर आले. त्यांना चष्म्यातून आणि चष्म्यावरून अशा दोन्ही मार्गांनी नॉमिनीचा फॉर्म वाचायचा होता. तीन मुले, तिघांना सारखा वाटा.

"प्रत्येकी तेहतीस पूर्णांक तेहतीस टक्के लिहू का, आजोबा?" मी विचारले.

"लिहा."

लिहून झाल्यावर त्यांनी बोटांवर बेरीज केली. "साहेब, हे नव्याण्णव पूर्णांक नव्याण्णव होतात."

"हो. बेरीज शंभर भरावी लागते. कोणा एकाला शून्य पूर्णांक शून्य एक जास्त देऊ या."

"कोणाला?"

या प्रश्नाला पर्याय दिलेले नव्हते. थोरल्याला द्यावा तर धाकटा रुसेल, धाकट्याला द्यावा तर थोरला हयातीतच भांडण काढेल, आणि मधल्याला आजवर कोणी काही जास्त दिलेले नाही, अशी सर्व बाजूंनी चर्चा होईपर्यंत रांग दारापर्यंत गेली. शेवटी आजोबांचा चेहरा उजळला.

"साहेब, ते पेपरात आलं होतं, आता चार नावं चालतात म्हणून. खरं आहे का?"

"खरं आहे," मी म्हणालो.

"मग तेवढं नातवाच्या नावावर टाका."