काही नई होत म्हणे!

गाडीच्या मीटरवर चेक इंजिनचा दिवा लागला की जळगाव असो की धुळं, गॅरेजवाल्यांचं एकच पालुपद, "काही नई होत भाऊ, सेन्सरचं असंल, चालू द्या." अरे चालू द्या काय! नुसता लागलेला दिवा वेगळा अन् लुकलुकणारा वेगळा, लुकलुकतोय म्हणजे मिसफायर, सिलिंडरात पेट्रोल नीट पेटतच नाही, ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडं जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढतंय, तो खर्च कोण देणार, तू? मग बॅटरीचं टर्मिनल काढून परत लावणार, दिवा गायब, "झालं बघा, पाचशे द्या." पारोळा येत नाही तोच डिस्को पुन्हा सुरू. स्टेअरिंगखाली बिघाडाचा कोड वाचणाऱ्या स्कॅनरचं सॉकेट काय शोभेला दिलंय का? स्कॅनरवर पी०३०२ आला म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर, मग तिथली ठिणगीची कॉइल तीन नंबरला टाकून बघ ना, कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली, तिथंच राहिला तर प्लग नाहीतर इंजेक्टर बघ. एवढं सोपंय! पण नाही, एका महाभागाने तर मीटरच्या काचेवर काळी टेपच चिकटवली, वर म्हणतो, "आता टेन्शन नाही." भर मे महिन्यात ४५ डिग्रीत एरंडोलच्या हायवेवर गाडी गचके खातेय, टेन्शन कुणाला नाही रे, तुला?