शिक्का आहे ना? मग झालं!

पाण्याची लाइन बदलताय? टाकी, फिल्टर नवा घेताय? अजिबात डोकं लावू नका. डोकं लावणाऱ्याला सोसायटीत काय म्हणतात, ते गेल्या आठवड्यात इंदिरानगरात मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

पाइपवर आयएसआय ही तीन अक्षरं दिसली की चष्मा काढून खिशात ठेवावा. चिन्हाच्या वर एक बारीक नंबर असतो, खाली एक असतो. ती छापणाऱ्याची हौस समजावी.

त्यातही वरचा नंबर, म्हणजे माल कुठल्या भारतीय मानकाचा (आयएस) ते सांगणारा, वाचूच नका. वाचलात तर माझ्यासारखे खडूस ठराल. आमच्या गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारी लाइन बदलली. पाइप राखाडी, चकचकीत, शिक्का अस्सल. वर छापलेलं: आयएस १३५९२, टाइप ए. म्हणजे पावसाचं पाणी खाली सोडायचा आणि संडासाच्या लाइनीला हवा द्यायचा पाइप! प्यायच्या पाण्याच्या यूपीव्हीसी पाइपवर आयएस ४९८५ लागतं, गरम पाण्याची सीपीव्हीसी लाइन असेल तर आयएस १५७७८. ४९८५ मध्ये पाइप किती दाब सोसतो ते तपासतात आणि त्यातून पाण्यात शिसं वगैरे उतरतं का तेही. १३५९२ चा पाइप दाबाच्या पाण्यासाठी बनवलेलाच नसतो. हे ठेकेदाराला सांगितलं. तो म्हणाला, "काका, आयएसआय आहे ना? मग?" सेक्रेटरी म्हणाले, "जाऊ द्या हो, पाणी येतंय ना?" येतंय की! उद्या दूधवाल्याने फिनेलच्या कोऱ्या कॅनमधून दूध आणलं, तर दूध येतंय ना म्हणून पातेलं पुढे करणार का? बिलावर काय लिहिलंय, तर 'पाइप, आयएसआय'. नंबर नाही, साइज नाही, दाबाचा क्लास नाही. आणि या बिलावर तीन जणांच्या सह्या! सह्या करणारे सगळे शिकलेले, एक तर निवृत्त इंजिनिअर!

असो. सल्ले द्यायला बसलोय.

खालचा सीएम/एल नंबर तर राहूच द्या. तो लायसन्सचा. हा शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बीआयएसच्या, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनी कोणती, लायसन्स कोणत्या मालाचं, चालू आहे की संपलंय, सगळं फुकटात दिसतं. फुकट गोष्टीला काय किंमत? हेच ॲप सराफ बाजारात अंगठीचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर, तपासायला मात्र जरूर उघडा. तिथे सहा अक्षरांसाठी भिंगसुद्धा मागा. अंगठी काय, बोटात राहते. पाणी नुसतं पोटात जातं.

टाकीवर आयएस १२७०१ शोधण्यापेक्षा तिचा रंग बिल्डिंगला शोभतो का ते बघा.

खोक्यावर आयएसओ ९००१ दिसलं तर हात जोडा. ते कंपनीच्या कारभाराचं प्रमाणपत्र असतं, आतल्या नळाचं नव्हे. पण हात जोडायला काय जातं?

फिल्टरवाला घरी आला की आधी चहा. मग तो तुमच्या पाण्यात वायरी बुडवून ते तपकिरी करून दाखवेल. घाबरा. त्या वायरीच्या टोकाचं लोखंडच पाण्यात उतरतं, हे त्याच्यासमोर बोलू नका, बिचाऱ्याचं टार्गेट असतं. खोक्यावर एनएसएफ, म्हणजे फिल्टर तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेचं नाव, लिहिलेलं असेल तर तिच्या मानकाचा कुठला नंबर, हे विचारू नका. ४२ म्हणजे चव, वास, क्लोरीन. तब्येतीला अपाय करणाऱ्या घटकांसाठी ५३. आरओसाठी ५८. चवीचं प्रमाणपत्र दाखवून तो शिशाची हमी देत असेल, तर तुम्ही मान डोलवा.

हसताय? हसू नका. चेष्टा संपली. पाइपवरची एक ओळ वाचायला अर्धं मिनिट लागत नाही, आणि तेवढं तुम्ही करत नाही, म्हणून हे ठेकेदार माजलेत. लिफ्टच्या आरशावरून दोन तास भांडता आणि पोरंबाळं ज्या लाइनीतलं पाणी पितात ती कुठली, हे विचारायला मीटिंगला एकही जण तोंड उघडत नाही! कोटेशनवर आयएस नंबर लिहून घ्या. माल उतरला की पाइप वाचा, ॲपमध्ये नंबर टाका, फोटो काढा. लायसन्स खोटं निघालं तर त्याच ॲपमधून तक्रार करा. आणि आमच्या कमिटीला लेखी दिलंय तेच इथेही सांगतो: ती लाइन उखडा, ४९८५ चा पाइप टाका आणि तोवर ठेकेदाराचा उरलेला चेक अडवा.