‘रील बघणारी पोरं लेख वाचत नाहीत’ या प्रतिक्रियेला उत्तर

मंडपवाले दादा, नमस्कार.

लग्नाच्या धंद्यानं वाचक कसा जोडावा, या मागच्या लेखाखाली तुम्ही भरपूर सुनावलंय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. दादांनी वर्षभरात स्वतःच्या साइटवर चाळीस लेख टाकले, दिवसाला दहा-बारा जणसुद्धा फिरकत नाहीत आणि त्यातून एकही ऑर्डर आली नाही. कोल्हापुरात कामं ओळखीवर मिळतात, रील बघणारी पोरं लेख वाचत नाहीत, आणि दर लिहा म्हणणं म्हणजे शेजारच्याच्या हातात काठी देणं, असं त्यांचं म्हणणं. शेवटचा प्रश्न: बंद करू का हे सगळं?

ओळखीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. मागच्या लेखात त्याला दोनच ओळी दिल्या, ती माझी चूक. पण ओळख काम कशी करते ते बघा. आचारी तुमचं नाव सांगतो, मुलीचे वडील ते वहीत लिहून घेतात आणि घरी आल्यावर फोन लावायच्या आधी मुलगी तेच नाव गुगलवर टाकते. तिथं तिला काय दिसतं, एवढ्यापुरताच लेखांचा संबंध. ओळखीच्या जागी लेख आणायचा नाहीच.

आता तुमचे चाळीस लेख. तुम्हीच दिलेली शीर्षकं: ‘लग्नाच्या तयारीच्या १० टिप्स’, ‘नवरीनं घ्यायची काळजी’, ‘यंदाचे ट्रेंडिंग रंग’. असं लिहिणाऱ्या मोठ्या साइट देशभर पसरल्यात, त्यांच्यापुढं तुमचं पान वर येणं अवघड. आणि आलंच तरी वाचणारा नागपूरचा किंवा नाशिकचा असणार. तो तुमचा मंडप तिकडं थोडाच नेणार आहे?

आकडे बघायचेच असतील तर भेटींचे बघू नका. गुगलचं सर्च कन्सोल, म्हणजे लोक गुगलवर कुठले शब्द टाकतात तेव्हा तुमचं पान दिसतं हे दाखवणारं साधन, फुकट आहे. त्यात ‘परफॉर्मन्स’ उघडा, तीन महिने निवडा, ‘ॲव्हरेज पोझिशन’वर (निकालांतलं सरासरी स्थान) खूण करा आणि खाली लोकांनी टाकलेले शब्द वाचा. ज्या शब्दांना तुमचं स्थान ४० च्या आसपास आहे ते सोडून द्या, ते चौथं पान झालं, तिथवर कोण जातंय. ८ ते २० मध्ये अडकलेले शब्द वेगळे काढा. त्या पानांत नेमकी माहिती घातली, शीर्षकात गावाचं नाव आणलं की ती वर सरकायची शक्यता असते, नवा लेख लिहिण्यापेक्षा कष्टही कमी. शब्द वाचताना आणखी एक दिसेल: लोक मराठी रोमन लिपीत टाइप करतात, आणि ‘मंगल कार्यालय’, ‘लॉन’, ‘वेडिंग हॉल’ हे तिन्ही वापरतात. म्हणून शीर्षकात एक आणि पहिल्या परिच्छेदात बाकीचे दोन येऊ द्या.

मूळ अडचण मात्र वेगळी आहे आणि मागच्या लेखात ती नीट आली नव्हती. स्वयंपाकाचं किंवा शेतीचं लिहिणाऱ्याला वाचक वर्षानुवर्षं धरून ठेवता येतो. लग्नाचा वाचक सुपारी फुटल्यापासून पाठवणीपर्यंतचा, म्हणजे पाच-सहा महिन्यांचा. पाठवणी झाली की तो परत कशाला येईल? त्यामुळं तुमच्या साइटवरचा तो ‘सबस्क्राइब करा’चा डबा काढून टाका. वाचक दोन प्रकारचे धरा: एक, शोधत येणारी आणि निघून जाणारी घरं, दोन, दर हंगामात परत येणारी माणसं, म्हणजे कार्यालयाचे व्यवस्थापक, आचारी, गुरुजी, फोटोवाले, बँडवाले, पत्रिका छापणारे. तुम्ही चाळीसच्या चाळीस लेख पहिल्यांसाठी लिहिले. टिकणारे वाचक दुसरे.

या दोघांनाही उपयोगी पडेल असा एकच प्रकार आहे: कार्यालयवार पान. ज्या कार्यालयांत आणि लॉनवर तुम्ही काम करता, त्या प्रत्येकाचं एक. व्यवस्थापकाची परवानगी घ्या, टेप घेऊन जा आणि मोजा. स्टेजची रुंदी आणि खोली. स्टेजच्या फरशीपासून वरच्या तुळईपर्यंतची उंची, कारण दहा फुटांखाली बारा फुटी कमान बसत नाही आणि हे ऐनवेळी लग्नाच्या आदल्या रात्री कळतं. गेटमधून टेम्पो आत जातो की सामान हातानं वाहायचं. भिंतीला खिळा चालतो का. सकाळचं लग्न उरकल्यावर संध्याकाळच्या रिसेप्शनसाठी हॉल किती वाजता ताब्यात मिळतो. जनरेटर कुठं उभा राहतो. सॉकेट किती आणि कुठले: १६ ॲम्पिअरच्या सॉकेटला २३० व्होल्टवर ३,६८० वॉटच मिळतात, म्हणजे हजार वॉटचे तीन हॅलोजन लावले की पुढं फार काही उरत नाही. चौथा लावला की भार मर्यादेबाहेर जातो, मग एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारी कळ, कधीही पडू शकते, आणि ती नेमकी मंगलाष्टकं चालू असताना पडते. लॉन असेल तर स्टेजचं तोंड कुठल्या दिशेला, हेही लिहा. मे महिन्यात इकडं सूर्य सातच्या सुमारास मावळतो. गोरज मुहूर्त असेल आणि स्टेज पश्चिमेला तोंड करून असेल, तर नवरा-नवरी सगळ्या फोटोंत डोळे मिचकावताना दिसतात. पानाच्या खाली मोजमापाची तारीख टाका, कारण कार्यालयवाले दुरुस्त्या करत असतात.

हे पान मुलीच्या घरचे वाचतील, पण आचारी आणि फोटोवालेही वाचतील, कारण त्यांनाही सॉकेट आणि गेट लागतंच. व्यवस्थापक ते पान स्वतःच पुढं पाठवील. रोज दहा जणांना फोनवर तेच सांगून तो कंटाळलेला असतो.

एक पथ्य पाळा. कागल, हातकणंगले, गडहिंग्लज, जयसिंगपूर अशी गावाची नावं बदलून तोच मजकूर बारा वेळा चिकटवू नका. गुगलच्या नियमांत याला फसवी पानं धरतात आणि त्यापायी चांगली पानंही मागं पडू शकतात. गावावर लिहायचं तर तिथलं वेगळं काही असलं तरच.

दुसरा प्रकार हंगामी अडचणींचा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव कोसळतो आणि लॉनवरची लग्नं ऐन त्याच महिन्यांत. यावर मंडपवाल्याइतकं नेमकं कुणाला लिहिता येईल? छत सपाट ताणलं की मध्ये पोट सुटतं आणि पाणी साचतं. दहा बाय दहा फुटांच्या कापडावर एक इंच पाणी साचलं, तर त्याचं वजन सव्वादोनशे किलोच्या वर जातं. पाइप वाकतो तो वाऱ्यानं कमी आणि या पोटानं जास्त. म्हणून दर दहा फुटांना दीड-दोन फूट उतार, दोन छतं जुळतात तिथं पन्हळ, आणि पन्हळीचं पाणी जेवणाच्या पंगतीकडं न जाता बाहेर पडेल अशी दिशा. वायरी जमिनीवर पसरायच्या नाहीत, जोड उंचावर, मंडपाच्या लाइनला गळती ओळखून पुरवठा तोडणारं आरसीसीबी. कापड वॉटरप्रूफ आहे असं मंडपवाला म्हणाला, तर शिवणीवर पाणी ओतून दाखवायला सांगा, असंही घरच्यांना लिहून द्या. कापड टिकतं, गळते ती शिवण. एवढा मजकूर वाचून ज्याला फोन करावासा वाटतो, त्याचं लॉनवरचं लग्न ठरलेलं असतं. असा एक फोन शंभर भेटींना भारी.

हा लेख मे महिन्यात टाकून उपयोग नाही. नव्या पानाला गुगलवर जम बसवायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि घरचे मंडपाचं तीन-चार महिने आधी बघतात. उन्हाळ्याचं लिखाण दिवाळीच्या आसपास टाका. लिहायला वेळ चातुर्मासात मिळतो: आषाढी ते कार्तिकी मुहूर्त नाहीत, सामान गोदामात. त्या चार महिन्यांत आठवड्याला एक धरून पंधरा-सोळा लेख झाले तरी पुष्कळ. अधिक महिनाही आधी बघून ठेवा. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ येतो, म्हणजे त्या वर्षी मेचा उत्तरार्धच मुहूर्तातून जातो आणि सगळी गर्दी एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यावर येऊन पडते. अशा वर्षी ‘कार्यालय मिळालं, मंडप मिळेना’ हाच घरोघरचा प्रश्न असतो, तेव्हा त्याचं उत्तर आधीच्या दिवाळीतच लिहून ठेवायचं.

दरांचं. शेजारच्याला तुमचे दर आधीच माहीत आहेत, तुमचेच कामगार त्याच्याकडंही जातात. तरी नेमका आकडा नको वाटत असेल तर देऊ नका. दर कशानं वाढतो ते लिहा: फुलं खरी की कापडी, कोल्हापुरातून अंतर किती, हॉल रिकामा मिळायला रात्र पुरते की चारच तास मिळतात आणि त्यापायी माणसं दुप्पट लावावी लागतात. आणि दरात काय धरलेलं नाही ते ठळक लिहा, म्हणजे वाहतूक, जनरेटरचं डिझेल, जीएसटी. भांडणं याच तीन गोष्टींवरून होतात.

रीलवर फार वाद घालत नाही. रील बघितली जाते, हे खरंच. पण दोन-चार दिवसांत ती खाली जाते आणि इन्स्टाग्रामच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही. ती बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवर नावाखालच्या माहितीत, द्यावी लागते. तिथं २०२३ पासून पाच लिंक चालतात. छताला सुटलेल्या पोटाची वीस सेकंदांची रील करा आणि वळवाच्या लेखाची लिंक बायोत ठेवा. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट करता, त्याचं एक ध्यानात घ्या: एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. ‘निरोप गेला’ असं समजून बसलेले बरेच आहेत. त्यापेक्षा लेख घरच्या ग्रुपवर फिरेल असा करा. लिंकसोबत दिसणारं चित्र १२०० बाय ६३० आणि ३०० केबीच्या आत ठेवा. जड असेल तर नुसती निळी ओळ दिसते आणि ती कुणी उघडत नाही.

फोटो. कॅमेऱ्यातून आलेला फोटो सात-आठ एमबीचा असतो. असे वीस टाकले की पान दीडशे एमबीचं होतं आणि राधानगरीच्या वाडीतल्या फोनवर ते उघडतच नाही. रुंदी १,६०० पिक्सेल, वेबपी (हलक्या फाइलीचा) फॉरमॅट, दोनशे केबीच्या आत. आणि फोटोवाल्याकडून मागून घेतलेले फोटो परस्पर टाकता, ते थांबवा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणं पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याची, म्हणजे लग्नघराची. बुकिंगच्या पावतीवरच ‘सजावटीचे फोटो प्रसिद्ध करायला संमती: हो / नाही’ अशी ओळ छापून सही घ्या. माणसं येण्याआधी रिकाम्या स्टेजचे फोटो स्वतः काढलेत तर हा प्रश्नच उरत नाही, आणि सजावटही त्यातच नीट दिसते. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देता असं तुम्ही लिहिलंय, तेही गुगलच्या नियमात बसत नाही. सूट न देता नुसतं मागा, काम चांगलं झालं असेल तर लोक देतात.

बंद करू का, याचं उत्तर: लेख एकदम उडवू नका. कुणी कधीतरी कुठल्या ग्रुपवर लिंक टाकली असेल, ती दाबल्यावर ‘पान सापडत नाही’ आलं तर तुमचं दुकानच बंद झालं असं लोक समजतील. चाळीसपैकी स्टेजच्या प्रकारांचा आणि मांडवडहाळ्यांचा असे दोन ठेवा, त्यात मापं घाला. ‘टिप्स’वाले एकत्र करून त्यांचे जुने पत्ते नव्या पानाकडं वळवा, याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात, साइट बनवणाऱ्याला एवढा शब्द सांगितला की पुरे. आणि चौकशीच्या वहीत एक रकाना वाढवा: ‘नाव कुठं कळलं?’ उत्तर ‘आचाऱ्यानं सांगितलं’ असं आलं तर तिथंच थांबू नका, ‘मग नेटवर काय बघितलंत?’ हेही विचारून लिहा. पुढच्या तुळशीच्या लग्नापासून आषाढीपर्यंतचा तो रकाना भरला की इथंच खाली टाका.