किराळ लागली की पान लागले?

सकाळी धडधाकट असलेले जनावर दुपारी पाय झाडून मेले की आमच्या सोलापूरकडच्या गावांत निष्कर्ष ठरलेला असतो: पान लागले असेल, म्हणजे साप चावला असेल. दंशाची खूण कोणी शोधत नाही. माझ्या लहानपणी शेजारच्या वस्तीवरच्या दोन गायी एकाच दुपारी गेल्या, तेव्हाही हेच म्हटले गेले. एकाच सापाने अर्ध्या तासाच्या अंतराने दोन गायींना कसे गाठले, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. त्या दिवशी दोघी काढणी झालेल्या ज्वारीच्या रानात धसकटांना आलेले हिरवेगार फुटवे खात होत्या, हे सर्वांना ठाऊक होते. पण ते कोणालाच सांगण्याजोगे वाटले नव्हते.

ज्वारीचे असे कोवळे फुटवे खाऊन जनावराला विषबाधा होण्याला जुने लोक ‘किराळ लागणे’ म्हणतात. शब्द आपल्याकडे आहे, त्यामागचे ज्ञान मात्र पातळ होत चालले आहे. ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरीन नावाचे द्रव्य असते. पान अखंड असते तोवर हे द्रव्य आणि त्याचे विघटन करणारे एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. जनावराने पान चावले की ते एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडच, मोकळे होते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्मजीव या कामाला आणखी वेग देतात. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही, म्हणून सुरुवातीला रक्त लालभडक दिसते. जनावर धापा टाकते, तोंडाला फेस येतो, तोल जातो, झटके येतात आणि पुष्कळदा डॉक्टर पोहोचण्यापूर्वीच सारे आटोपते.

सर्वाधिक धोका गुडघ्याएवढ्या पिकात, कापणीनंतरच्या फुटव्यांत आणि पावसाने ओढ दिल्यावर खुरटून पुन्हा जोम धरणाऱ्या ज्वारीत असतो. युरियाचा हात सैल सोडलेल्या रानात तो आणखी वाढतो. पीक फुलोऱ्यात आले की विषाचे प्रमाण बरेच उतरते आणि नीट वाळलेल्या कडब्यात तर फारच कमी राहते. म्हणजे ज्या ज्वारीवर आपली माणसे आणि गुरे पिढ्यान्‌पिढ्या जगली, तीच वाढीच्या काही आठवड्यांत मारक ठरते. म्हणूनच विषारी वनस्पतींच्या नुसत्या याद्या मला अपुऱ्या वाटतात: झाड कोणते हे त्या सांगतात, पण कोणत्या अवस्थेत आणि किती भुकेल्या जनावराने खाल्ले, हे सांगत नाहीत.

‘जनावराला कळते, ते नको ते खात नाही’ या समजुतीवर माझा खरा आक्षेप आहे. पोट भरलेले, त्याच माळावर वाढलेले जनावर घाणेरीच्या झुडपाला सहसा तोंड लावत नाही, हे खरे. पण उन्हाळ्यात हिरवे काही उरलेले नसताना, किंवा बाजारातून नुकतेच आणलेले जनावर अनोळखी रानात सोडल्यावर, हे शहाणपण टिकत नाही. घाणेरीने यकृत बिघडते, कावीळ होते, रवंथ थांबते, आणि उन्हात गेल्यावर नाकपुडीची व पांढऱ्या भागांची कातडी सोलून निघते. लोक त्यालाही ‘ऊन लागले’ म्हणतात आणि पाणी मारत बसतात. बेशरमीच्या झुडपाची तर शेळ्यांना चटक लागते. खात राहिल्या की मान थरथरू लागते आणि मागचे पाय लुळे पडतात.

कण्हेरीचा दोष मात्र मी सरळ माणसांवर ठेवतो. गुरे खात नाहीत म्हणून ती महामार्गाच्या दुभाजकांवर लावतात, आणि तिचीच छाटणी कोणीतरी गोठ्याजवळच्या उकिरड्यावर टाकतो. ज्वारी वाळली की निवळते. कण्हेर वाळूनही विषारीच राहते, उलट तिचा कडवटपणा कमी झाल्याने जनावर ती सहज खाते. तिचे विष थेट हृदयावर जाते.

आमच्या घरी आता फुटव्याच्या रानात गुरे सोडायचीच नाहीत, असा नियम आहे. हिरव्या ज्वारीवर ती घालायची झालीच तर फुलोऱ्यानंतर, आणि आधी पोटभर कडबा टाकून. बांध फोडून एखादे शिरलेच तर त्याला लगेच बाहेर काढून मी पशुवैद्यकांना फोन करतो. तेही मिळाले नाहीत तर 1962 या पशुसेवेच्या क्रमांकावर. किराळीवर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात (थायोसल्फेट म्हणजे जुन्या फोटोवाल्यांचा ‘हायपो’), पण वेळ मिनिटांत मोजावी लागते. म्हणून फोनवर ‘जनावर पडले आहे, लवकर या’ एवढेच सांगू नका. ते कुठे चरत होते, ज्वारी किती उंचीची होती, हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि तोंडात अडकलेला पाला फेकून न देता डॉक्टरांना दाखवायला ठेवा.