एका चित्रात दोघी, पण पंगत वेगळी

दोन तरुण मुली, एक गोरी, एक काळी. दोघींच्या अंगावर रेशीम, गळ्यात मोती. खाली मजकूर: ‘१७७९ सालचं योहान जोफनीचं चित्र. काळ्या आणि गोऱ्या स्त्रीला बरोबरीनं दाखवणारं पहिलंच. डायडो बेल ही गुलाम आईची मुलगी. तिच्यावरच्या मायेपोटी तिच्या आजोबांनी, इंग्लंडच्या सरन्यायाधीशांनी, गुलामगिरी रद्द केली.’ महिन्याभरात हे मला चार ग्रुपांवर आलं. चारही ठिकाणी खाली बदामांची रांग.

चित्रकाराचं आधी उरकून घेऊ. जोफनीचं नाव या चित्राला वर्षानुवर्षं चिकटलं होतं. (तोच जोफनी, जो पुढे लखनौला येऊन नवाबाची चित्रं काढत होता.) २०१८ मध्ये तपासणी होऊन डेव्हिड मार्टिन या स्कॉटिश चित्रकाराचं नाव पुढे आलं. चित्र आजही स्कॉटलंडमध्ये, स्कोन राजवाड्यात आहे.

नातंही नीट सांगायला हवं, आणि त्यासाठी मराठीइतकी सोयीची भाषा नाही. सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड हे डायडोच्या वडिलांचे, सर जॉन लिंडसे यांचे, सख्खे मामा. शेजारी बसलेल्या लेडी एलिझाबेथ मरेच्या वडिलांचे ते काका. म्हणजे दोघींचे वडील आते-मामेभाऊ. लंडनजवळच्या केनवुडच्या वाड्यात दोघी एकत्र वाढल्या. हे खरं आहे.

आता ‘बरोबरीनं’ या शब्दाकडे येऊ. त्यासाठी मोबाइलवर चित्र दोन बोटांनी मोठं करा आणि चेहरे सोडून आधी हात बघा. एलिझाबेथच्या हातात उघडं पुस्तक आहे, डायडोच्या हातात फळं. एलिझाबेथ गुलाबी झग्यात, केसांत फुलं माळून स्वस्थ बसली आहे. त्या काळच्या घरंदाज मुलीनं चित्रासाठी बसावं तशी. डायडो मात्र चालता चालता क्षणभर थबकल्यासारखी. डोक्याला पागोटं, त्यात पीस. त्या काळी इंग्रजांच्या घरी असा पौर्वात्य वेष हौसेनं मिरवत, पण बड्या बायकांच्या चित्रांत शेजारी उभ्या केलेल्या काळ्या नोकर-पोरांनाही तो चढवत. राहिले मोती. १६८२ साली पिएर मिन्यारनं काढलेलं डचेस ऑफ पोर्ट्समथचं चित्र बघा. तिच्या पुढ्यातल्या काळ्या मुलीच्या गळ्यातही मोत्यांची माळ आहे, आणि ती पोर बाईसाहेबांना शिंपल्यातून मोती आणि हातात पोवळं देते आहे. तेव्हा ‘मोती म्हणजे मान’ हा हिशेब इथे चालत नाही.

पण उलट टोकाला जाऊन ‘ती मोलकरीणच’ म्हणणारेही चुकतात. १९०४ च्या एका यादीत तिची नोंद नाव न देता नुसती काळी सेविका म्हणून झाली होती. सेविका अशी थेट आपल्याकडे बघून हसत नाही. गालाला बोट लावून उभी राहत नाही. मिन्यारच्या चित्रातली मुलगी मालकिणीकडे बघते, डायडो आपल्याकडे. आणि एलिझाबेथनं हात लांब करून तिचा दंड धरला आहे. जवळ ओढतेय की पुढे सरकवतेय, यावर जाणकारांत अजून वाद आहे. मला विचाराल तर हात दोन्ही करतो आहे, आणि चित्रकाराला तेच हवं होतं.

घरातली रीतही तशीच होती. १७७९ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर थॉमस हचिन्सन केनवुडला जेवायला गेले. त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं आहे, तेही नाक मुरडत: डायडो आली ती जेवणं आटोपल्यावर. मग बायकांत बसली, कॉफीनंतर बागेत एकीच्या हातात हात घालून फिरली. म्हणजे हातात हात चालतो, पाहुण्यांच्या पंगतीला पान मांडलेलं चालत नाही. आपल्याकडच्या कुणालाही ही रीत वेगळी समजावून सांगावी लागू नये. घरातल्या गाईगुरांच्या दूधदुभत्याची आणि कोंबड्यांची देखरेख तिच्याकडे होती. म्हाताऱ्या मॅन्सफिल्डची पत्रंही ती लिहून देई.

आता ‘गुलामगिरी रद्द केली’. १७७२ साली सॉमरसेट नावाच्या गुलामाला मालकानं लंडनमध्ये जहाजावर डांबलं होतं, जमैकाला नेऊन विकण्यासाठी. मॅन्सफिल्डनी त्याला सोडवलं. निकाल तेवढाच: मालकाला गुलामाला जबरदस्तीनं इंग्लंडबाहेर नेता येणार नाही. वसाहतींतल्या मळ्यांना त्यानं हातही लावला नाही. आपला निकाल यापलीकडे जात नाही, हे मॅन्सफिल्डनी स्वतःच १७८५ मध्ये कोर्टात स्पष्ट केलं. डायडो तेव्हा, १७७२ साली, अकरा वर्षांची होती. तिच्यावरच्या मायेचा त्यात किती वाटा, हे निकालपत्रातून काढता येत नाही.

शंका असेल त्यांनी मॅन्सफिल्डचं मृत्युपत्र बघावं. त्यात त्यांनी डायडोचं स्वातंत्र्य मुद्दाम लिहून पक्कं केलं. गुलामगिरी खरोखर संपली असती तर आपल्याच घरातल्या मुलीसाठी हे कलम घालायची गरज काय होती? त्याच मृत्युपत्रात तिला ५०० पौंड रोख आणि वर्षाला १०० पौंड. एलिझाबेथला १०,००० पौंड. ‘बरोबरी’चा आकडाही त्यांनी देऊन ठेवला आहे. तरी डायडोच्या वाट्याला आलेली रक्कम त्या काळात मुळीच किरकोळ नव्हती, हेही म्हटलं पाहिजे.

मॅन्सफिल्ड १७९३ च्या मार्चमध्ये वारले. त्याच वर्षी डिसेंबरात डायडोनं जॉन डाविनिए या फ्रेंच माणसाशी लग्न केलं, तिला तीन मुलगे झाले आणि १८०४ मध्ये ती गेली. ब्रिटिश संसदेनं वसाहतींतल्या गुलामगिरीविरुद्ध कायदा केला तो १८३३ मध्ये, आणि त्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला. इथला कायदा यायला १८४३ उजाडलं. डायडोचा मुलगा चार्ल्स तोवर त्याच कंपनीच्या मद्रास फौजेत नोकरीला लागलेला होता.