थंडीत चालणं सोडू नका, वेळ बदला

थंडी पडली की दरवर्षी व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरू लागतो: ‘साठी ओलांडलेल्यांनी होळीपर्यंत फिरायला जाऊ नये. थंडीत रक्त घट्ट होऊन अटॅक येतो, गार वाऱ्यानं छाती भरते, गुडघे झिजतात. घरातली हालचाल पुरेशी आहे.’ माझ्या ७४ वर्षांच्या आक्कानं गेल्या वर्षी तो मनावर घेतला आणि दिवाळीनंतर चालायचे बूट माळ्यावर टाकले. होळीला तिच्याकडे गेले, तर खुर्चीतून उठताना तिला दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागत होता. दिवाळीपर्यंत हीच बाई नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाला रोज तीन फेऱ्या मारत होती.

अटॅकचं आधी बोलते, कारण त्यात तथ्य आहे. गारठ्यात कातडीलगतच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. गुठळी होण्याची शक्यताही थोडी वाढते. हिवाळ्यात हृदयविकाराचे झटके जास्त येतात, हे खरंच आहे. पण म्हणून चार महिने घरात बसायचं? धोका आहे तो पांघरुणातून उठून थेट गारठ्यात झपझप चालण्याचा. नाशिकला जानेवारीत सूर्यच सातनंतर उगवतो. निफाडचा पारा पाच-सहावर आल्याची बातमी आपण वाचतो, तो आकडा पहाटेचा असतो. निवृत्त माणसाला साडेपाचला निघायची घाई कसली? नऊला निघा. निघण्याआधी घरातच पाच-दहा मिनिटं हातपाय हलवा, पहिली फेरी रमतगमत घाला. कानटोपी, मोजे आणि एका जाड स्वेटरऐवजी दोन-तीन पातळ कपडे घाला, म्हणजे अंग तापलं की एक उतरवता येतो. बीपीची गोळी चुकवू नका. थंडीत एकदा बीपी मोजून घ्या, उन्हाळ्यात पुरलेला डोस आता कमी पडत असेल.

नुकतीच अँजिओप्लास्टी झालेल्यांनी, चालताना छातीत दुखणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावं. आणि छातीवर दडपण आलं, जबडा किंवा हात दुखू लागला, गार घाम फुटला, तर ‘थंडीनं होतंय’ म्हणून अंगावर काढू नका. जागीच थांबा, कुणाला तरी हाक मारा, १०८ ला फोन लावा.

गार वाऱ्यानं छाती भरते म्हणतात. सर्दी-फ्लू होतो विषाणूंनी, आणि ते पसरायला दारंखिडक्या लावून बसलेली खोली मैदानापेक्षा सोयीची. दमेकऱ्यांना मात्र कोरड्या गार हवेनं खरोखर त्रास होतो. त्यांनी नाकातोंडावर रुमाल किंवा मफलर घ्यावा. पहाटे थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर त्यातच अडकतो. उन्हानं जमीन तापली की तो वर उठतो. म्हणजे इथंही उत्तर नऊचंच.

गुडघे थंडीनं झिजत नाहीत, आखडतात. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. पाय हलला, त्यावर भार पडला आणि सुटला, की सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. बसून राहिलात तर गुडघा आणखी धरतो, वर मांडीचे स्नायू उतरतात ते वेगळंच. आक्काला खुर्चीतून उठवेना, ते यामुळेच.

राहिली घरातली हालचाल. केर काढणं, कपडे वाळत घालणं हीसुद्धा हालचालच आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय तोल सांभाळण्याचे व्यायाम वेगळे. दोन खोल्यांत सलग अर्धा तास बरा वेग धरून कोण चालतं?

आक्काचे बूट मीच माळ्यावरून काढले. सोमवारी साडेनवाला निघालो. पेव्हर ब्लॉकवरचं दव तोवर वाळलं होतं. तिनं माझा दंड धरून एक फेरी पुरी केली, बाकावर बसून उन्हाकडे पाठ केली आणि मफलर सोडला. दुसरी फेरी उद्या म्हणाली.