पळालात ते पळालात, आता अपील करा

पणजीत पाटोवर वाहतूक पोलिसाने हात आडवा केला, तेव्हा डोक्यावर हेल्मेट नसल्याचे स्मरून आपण स्कूटर पिळलीत, सतराव्या शतकातल्या अरुंद बांधावरून रायबंदर गाठलेत आणि चोडणची फेरीबोट नेमकी पलीकडच्या काठाला असल्याने धक्क्यावर सापडलात. एवढ्यावरून दंडाधिकाऱ्यांनी आपल्याला बेदरकार वाहन चालवल्याबद्दल चार महिन्यांची कैद सुनावावी, हा अन्याय उघड आहे. भारतीय न्याय संहितेचे २८१वे कलम सहा महिन्यांपर्यंत मजल मारते, हे मनात आणू नये. १००० रुपयांचा तालांव, म्हणजे दंडाची पावती, वाचवण्यासाठी इतके कष्ट दुसऱ्या कोणी घेतले असते?

सत्र न्यायालयात अपील करण्यास ३० दिवसांची मुदत असते. त्यांतले २९ दिवस मामांच्या ओळखी तपासण्यात घालवावेत. कैद झालेल्या आरोपीला निकालपत्राची प्रत तत्काळ व विनामूल्य मिळते. ती वाचण्याच्या फंदात पडू नये, कारण फेरीवरच्या कर्मचाऱ्याने आणि मासळीची पाटी घेऊन उभ्या असलेल्या बाईने काय सांगितले, ते तीत सविस्तर आलेले असते.

खरे कौशल्य कहाणीत आहे. खटल्यात आपण प्रथम ‘तो मी नव्हेच’ म्हणालात, नंतरच्या जबाबात ‘शिट्टी ऐकू आली नाही’ म्हणालात; अपिलात आता आजारी आईला बांबोळीच्या इस्पितळात नेत होतो, असे ठणकावून सांगावे. अपिलाचे न्यायालय मुख्यतः खालच्या न्यायालयातला पुरावाच वाचते, त्या पुराव्यात स्कूटरवर आपण एकटेच आहात आणि पाटोवरून बांबोळीला रायबंदरमार्गे कोणी जात नाही, या किरकोळ अडचणी आहेत. सरकारी वकिलाचा भूगोल मात्र दुर्दैवाने पक्का असतो.

१९५८च्या परिवीक्षा कायद्यानुसार पहिल्याच गुन्ह्यात चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटका मागता येते. ती मागूच नये. मान थोडी खाली घालावी लागते.

आपल्या अपिलात शिक्षा वाढत नाही, त्यासाठी सरकारला वेगळे अपील करावे लागते. सरकारला ते सुचावे म्हणून हवालदाराकडे आवारात एकदा डोळे वटारून पाहावे. जामिनावर सुटून सुनावणीला येताना वाट पाटोवरूनच आहे, तेव्हा घरून निघण्यापूर्वी चोडणची फेरी कोणत्या काठाला आहे, याची चौकशी तेवढी करून ठेवावी.